बारकाव्याचें मोल : धानाच्या तीन लोंब्यांची हकीकत

शेतीच्या धंद्यांत मोठ्या म्हणून ज्या गोष्टी समजल्या जातात, त्यांपैकीं बहुतेक शेतकऱ्याच्या स्वाधीन नसतात. पाऊस केव्हां पडावा, बाजारांत भाव काय निघावा, कर्ज वेळेवर हातीं यावें कीं नाहीं, यांवर त्याची सत्ता चालत नाहीं. चार शेतकरी एकत्र बसले म्हणजे बोलणें निघतें तें याच गोष्टींचें. उलट ज्या गोष्टी सर्वस्वीं आपल्या हातांतल्या आहेत, त्या इतक्या लहान असतात कीं त्यांविषयीं बोलण्याजोगें कांहीं आहे असें कोणास वाटत नाहीं. बियाण्याचें पोतें भरण्यापूर्वीं उलटें करून झाडलें काय. रोप उथळ लावलें कीं चिखलांत खोल खुपसलें. शेतांत निराळी दिसलेली लोंबी खुडून वेगळी ठेवली, कीं ती इतरांबरोबर विळ्याखालीं गेली. हें कोणी पाहत नाहीं, विचारीत नाहीं, आणि त्याबद्दल कोणी शाबासकीही देत नाहीं. म्हणूनच मनुष्याची आपल्या कामावर निष्ठा किती आहे, याची खरी परीक्षा याच ठिकाणीं होते असें माझें मत आहे. तें नुसतें मत राहूं नये म्हणून प्रस्तुत लेखांत एकच पीक घेऊन, म्हणजे धान घेऊन, बारकाव्याचें मोल किती असतें हें दाखविण्याचा विचार आहे. आरंभ आपल्याच महाराष्ट्रांत घडलेल्या एका हकीकतीनें करतों.

तीन लोंब्या

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें एक खेडें आहे. मराठवाड्यांतील त्याच नांवाच्या शहराशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. या खेड्यांत दादाजी रामाजी खोब्रागडे नांवाचे एक लहान शेतकरी राहत असत. जमीन दीड एकराच्या आसपास, शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंत. १९८३ सालीं त्यांच्या शेतांत 'पटेल-३' या जातीचें धान उभें होतें. कापणीच्या सुमारास बांधींतून फिरतांना त्यांना तीन लोंब्या इतरांहून वेगळ्या दिसल्या. त्यांच्या दाण्यांचा रंग पिवळसर होता व दाण्याची ठेवणही निराळी होती.

येथपर्यंत जें झालें तें कोणत्याही शेतांत दर वर्षीं होत असतें. हजारों रोपांत दोनचार रोपें वेगळीं निघावयाचींच. कापणी करणारा हात तीं पाहतो आणि पुढें सरकतो. खोब्रागडे पुढें सरकले नाहींत. त्यांनीं त्या लोंब्या खुडून घेतल्या, त्यांचे दाणे निराळे जपून ठेवले, आणि पुढच्या हंगामांत ते शेताच्या मध्यभागीं वेगळे लावले. रानडुकरांनीं नासधूस करूं नये म्हणून भोंवतीं कांटेरी फांद्या रोविल्या. निघालेलें बियाणें पुन्हां वेगळें काढलें, पुन्हां वेगळें लावलें. असें एक वर्ष नव्हे, लागोपाठ पांचसहा वर्षें चाललें. धान अधिक उतरतें, तांदूळ बारीक निघतो व भात शिजवून खाल्ला असतां चवीला सरस लागतो, याची खात्री झाल्यावरच तें बियाणें इतरांच्या हातीं गेलें.

१९९० च्या सुमारास हें धान आसपासच्या गांवांत पसरूं लागलें. त्याला नांव नव्हतें. त्या काळीं एच.एम.टी. कंपनीचें मनगटी घड्याळ म्हणजे प्रतिष्ठेची वस्तु होती, म्हणून त्या घड्याळाचेंच नांव या धानाला पडलें. घड्याळें करणारी ती कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला; धान मात्र अद्याप शेतांत उभें आहे, व 'एच.एम.टी. तांदूळ' हें नांव महाराष्ट्रांतच नव्हे तर शेजारच्या राज्यांतील बाजारांतही ठाऊक आहे. नांव ठेवणाऱ्यांनीं तें सहज ठेवलें असेल. परंतु डोळ्यांना नीट दिसतही नाहींत अशा चक्रांवर आणि केसासारख्या कमानीवर ज्या वस्तूचें सारें चालणें अवलंबून, तिचें नांव या धानाला शोभून दिसतें.

पुढें सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रानें १९९४ सालीं हें बियाणें नेलें व १९९८ सालीं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें 'पीकेव्ही एच.एम.टी.' या नांवानें वाण प्रसृत केला. खोब्रागडे यांनीं याच रीतीनें डी.आर.के., विजय नांदेड, दीपक रत्न, नांदेड हिरा इत्यादि आणखीही वाण निवडून काढले. २००५ सालीं राष्ट्रपति ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजीं त्यांचें निधन झालें.

नुसतें पाहणें पुरेसें नाहीं

या हकीकतींत दैवयोगाचा भाग किती आणि कामाचा भाग किती, याचा विचार करणें अवश्य आहे. कारण "नशिबानें सांपडलें" असें म्हणून आपण स्वतःची सुटका करून घेतों.

निराळी लोंबी शेतांत उत्पन्न होणें हा दैवयोग खरा. मूळ बियाण्यांत झालेली भेसळ, क्वचित् घडणारा संकर, अथवा रोपाच्या अंगीं आपोआप झालेला बदल, यांपैकीं कोणतेंही कारण असूं शकतें. परंतु ती लोंबी जातीच्या पदवीस पोंचविणें हें निव्वळ काम आहे, आणि त्या कामाचें शास्त्र असें आहे. धानाचें फूल बहुधा आपल्याच परागानें फळतें. शेजारच्या रोपाशीं संकर होण्याचें प्रमाण साधारणतः शेंकडा एकाहूनही कमी असतें. त्यामुळें एका लोंबीचे दाणे वेगळे पेरले असतां, कांहीं पिढ्यांनंतर, एकाच गुणांचीं रोपें हातीं लागतात. डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यानें १९०३ सालीं घेवड्याच्या दाण्यांवर केलेल्या प्रयोगांतून 'शुद्ध वंशा'चें हें तत्त्व मांडलें, व जगांतील कृषिसंशोधन केंद्रें याच तत्त्वावर पिकांची निवड करीत आलीं आहेत. खोब्रागडे यांनीं योहान्सनचें नांव ऐकलें असण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांनीं केलें तें तत्त्वतः तेंच.

या पद्धतीचें सर्व सामर्थ्य 'वेगळें' या एका शब्दांत आहे. पहिल्या वर्षीं दाणे वेगळे ठेवले, दुसऱ्या वर्षीं वेगळे लावले, आणि तिसऱ्या वर्षीं घाईगर्दींत सर्व धान एकाच खळ्यावर चुरलें, तर आधींच्या दोन वर्षांचे श्रम त्या एका दुपारीं मातीस मिळाले. पांचसहा वर्षांत एकही दिवस असा येऊं द्यावयाचा नाहीं. सणाचा दिवस असो, घरीं आजारपण असो, आभाळ भरून आलेलें असो. मूठभर धान निराळें कापावयाचें, निराळें झोडावयाचें, निराळें वाळवावयाचें. पाहणारा हंसला तर हंसूं द्यावयाचा. उत्कृष्टतेचा ध्यास म्हणून जें मोठें नांव आपण घेतों, तें व्यवहारांत उतरतें तें अशा रूपानें.

खळें आणि पोतें

येथें माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगणें मला अवश्य वाटतें.

एके वर्षीं बारीक धान चांगलें पिकलें म्हणून पुढच्या हंगामासाठीं मीं त्यांतलेंच बियाणें राखलें. पोतीं घरचींच होतीं. आदल्या वर्षीं त्यांत ठोकळ धान होतें. मी पोतीं भरीत असतां माझी आत्या ओसरीवर बसली होती. तिनें विचारलें, "पोतीं उलटीं करून झाडलींस का रे?"

"रिकामीं तर आहेत आत्या, त्यांत झाडायचं काय?" मी म्हणालों.

"रिकामं पोतं म्हणजे रिकामं नसतं, बाळा. शिवणींत बघ," ती म्हणाली.

मीं पाहिलें नाहीं. दिवस मावळत होता व काम उरकावयाचें होतें. पुढच्या वर्षीं निसवण्याच्या वेळीं शेतांत पाहावें तों, बारीक धानाच्या वर वीतभर डोकें काढून ठोकळ धानाच्या लोंब्या जागोजाग उभ्या. व्यापाऱ्यानें मूठभर धान तळहातावर चोळलें, त्यांतले जाड दाणे बोटानें बाजूस सारले आणि भाव उतरवून सांगितला. त्याचें कांहीं चुकलें असें मला म्हणतां येईना. परंतु याहून मनास लागली ती गोष्ट निराळीच. माझ्याच बियाण्यांतून शेजारच्या एका शेतकऱ्यानें दोन टोपल्या बियाणें विश्वासानें नेलें होतें. त्याच्याही शेताची तीच गत झाली. तो मला एका शब्दानें बोलला नाहीं; मात्र पुढच्या वर्षीं त्यानें बियाणें दुसऱ्याकडून घेतलें.

त्यानंतर मीं हिशेब करून पाहिला. बारीक धानाच्या हजार दाण्यांचें वजन १५-१६ ग्रॅमच्या आसपास भरतें. म्हणजे एका किलोंत साठ हजारांहून अधिक दाणे झाले. त्यांत हजारीं एकच दाणा परका असला, तरी किलोमागें साठ परके दाणे होतात. एकरास वीस किलो बियाणें लागलें तर बाराशें. यांपैकीं प्रत्येक दाण्याचें रोप झालें, तर एका एकरांत बाराशें परकीं रोपें, आणि प्रत्येकाच्या अंगावर पुढच्या वर्षासाठीं शेंकड्यांनीं दाणे. पोत्याच्या शिवणींत अडकलेल्या ओंजळभर धानाचा हा विस्तार आहे. प्रमाणित बियाण्याच्या शेतांत परकीं रोपें शेंकडा ०.२० हून अधिक असतां कामा नयेत, म्हणजे हजारांत दोन, असा सरकारी नियम आहे. पायाभूत बियाण्यास तर ही मर्यादा शेंकडा ०.०५, म्हणजे दहा हजारांत पांच. हे आंकडे वाचतांना पूर्वीं मला ते कचेरींतल्या माणसांचा काटेकोरपणा वाटत असत. आतां वाटत नाहींत.

म्हणून बियाण्याचें धान आधीं चुरावें, सारवून व झाडून स्वच्छ केलेल्या खळ्यावर चुरावें. मळणीयंत्र लावावयाचें असेल तर आधींच्या शेतकऱ्याचें धान त्यांत शिल्लक नाहीं हें यंत्र उघडून पाहावें, व पहिलें निघालेलें कांहीं धान बियाण्यांत न धरतां खाण्यासाठीं बाजूस काढावें. पोतें नवें असल्यास उत्तम. जुनें असल्यास उलटें करून झाडावें, शिवणी बोटांनीं चाचपाव्या व तें उन्हांत वाळवावें. पोत्याच्या आंत एक आणि बाहेर एक अशी जातीच्या नांवाची चिठ्ठी असावी. या सर्वांस अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागत नाहीं.

शेतांत उभीं असलेलीं परकीं रोपें काढण्याचें कामही असेंच. तें एकदां करून भागत नाहीं. फुटवे येतांना, निसवतांना आणि कापणीपूर्वीं, असें तीनदां करावें. सकाळच्या वेळीं सूर्य पाठीशीं ठेवून बांधींतून चालावें, म्हणजे उंची व रंग यांतला भेद चटकन् नजरेस येतो. परकें रोप मुळासकट उपटावें. नुसती लोंबी खुडली तर मागचा फुटवा पुन्हां निसवतो आणि आपण काम केल्याच्या समाधानांत असतांना भेसळ कायम राहते.

बियाण्याची प्रामाणिक परीक्षा

कांहीं बारकावे हातांचे असतात, कांहीं मनाचे. बियाण्याची उगवण पाहणें हा दुसऱ्या प्रकारचा आहे.

रीत सर्वांस ठाऊक आहे. शंभर दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटांत ओळीनें मांडून गुंडाळी करावी, ती सावलींत ठेवून पाणी शिंपडीत राहावें, व आठदहा दिवसांनीं किती दाण्यांस धड मूळ व धड कोंब आला तें मोजावें. ऐंशी किंवा अधिक आले तर बियाणें प्रमाणास उतरलें. परंतु येथें एक चूक जाणते शेतकरीही करतात. शंभर दाणे निवडतांना हात नकळत भरदार, चकचकीत दाण्यांकडे जातो. मग परीक्षा होते ती त्या शंभर दाण्यांची. पोत्याची होत नाहीं. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून मूठ मूठ धान काढावें, एकत्र करावें, आणि डोळे मिटून उचलल्याप्रमाणें त्यांतले शंभर दाणे घ्यावेत. मोजतांना अर्धवट कोंबाचा दाणा 'आला' म्हणून धरूं नये. आपणच परीक्षक आणि आपणच परीक्षार्थी, अशा ठिकाणीं खरें मोजणें हीच कामावरील निष्ठेची कसोटी.

पेरणीपूर्वीं मिठाच्या पाण्यांतून बियाणें काढण्याची रीतही अशीच साधी आहे. दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बियाणें टाकावें व ढवळावें. वर तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढून टाकावेत. तळीं बसलेले जड दाणे स्वच्छ पाण्यानें दोनतीनदां धुऊन सावलींत वाळवावेत. जड दाण्यांत अन्नाचा सांठा अधिक असल्यामुळें रोप जोमदार होतें. येथेंही बारकावा शेवटच्या पायरींत आहे. धुणें टाळलें तर अंगावर राहिलेलें मीठ उगवणीस बाधतें, आणि मग दोष रीतीला दिला जातो.

सांठवणुकीचा एक नियम तर सोन्याच्या तोलाचा आहे. बियाण्यांतील ओल शेंकडा एकानें कमी केली असतां त्याचें आयुष्य अंदाजें दुप्पट होतें, असा बीजशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. धानाच्या बियाण्यास शेंकडा तेराहून अधिक ओल असूं नये असा दंडक आहे. पोतीं भरण्यापूर्वीं आणखी एक दिवस ऊन दाखविणें, एवढ्याच कष्टांत पुढच्या हंगामाची उगवण अवलंबून असते.

लावणीची दोरी

आतां एक उदाहरण असें घेऊं, कीं ज्यांत बारकावा एकदां सांभाळून भागत नाहीं. तो हजारों वेळां सांभाळावा लागतो.

डॉ. एन. के. सावंत यांनीं प्रचारांत आणलेली 'चारसूत्री' भातशेती महाराष्ट्रांतील पुष्कळ शेतकऱ्यांस परिचित आहे. तिचीं सूत्रें चार : भाताच्या तुसाची राख व पेंढा जमिनीस परत देणें, गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडणें, नियंत्रित अंतरावर लावणी करणें, आणि युरिया-डीएपीची गोळी मुळाशीं खोंचणें. तिसऱ्या व चौथ्या सूत्राचा मेळ पाहण्यासारखा आहे. खुणा केलेल्या दोरीवर एकदां १५ व एकदां २५ सेंटिमीटर अंतर सोडून, उभें व आडवें, चूड लावीत जावयाचें, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन होतो. त्याच दिवशीं प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर २.७ ग्रॅम वजनाची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोंचावयाची. खोल चिखलांत हवा नसल्यामुळें गोळींतला नत्र तेथें टिकून राहतो; वर फेंकलेल्या खताप्रमाणें तो पाण्याबरोबर वाहून अथवा हवेंत उडून जात नाहीं.

हेक्टरास असे ६२,५०० चौकोन होतात, म्हणजे अडीच लक्ष चूड आणि ६२,५०० गोळ्या. सर्व गोळ्यांचें वजन १७० किलोंच्या आंतच. वाचतांना ही रीत सुटसुटीत वाटते. पण गुडघाभर चिखलांत, पाठीवर पाऊस घेत, ६२,५०० वेळां वांकून गोळी बरोबर मध्यावर व बरोबर खोल खोंचणें म्हणजे काय, हें ज्यांनीं केलें त्यांनाच ठाऊक. दहांतला एक चौकोन जरी चुकला, तरी पंचवीस हजार चूड उपाशी राहिले. आणि चुकलेला चौकोन त्या दिवशीं दिसत नाहीं. पाण्याखालीं गोळी आहे कीं नाहीं हें बांधावर उभ्या असलेल्या मालकास समजत नाहीं. तें महिन्याभरानें पिवळ्या पडलेल्या चुडांवरून समजतें.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें म्हटली पाहिजे. हें काम बहुतांशीं स्त्रिया करतात. शेताचा बारकावा मालकाच्या डोक्यांत कितीही असला, तरी तो अखेर उतरतो तो लावणी करणाऱ्या बाईच्या बोटांतून. एका चुडांत दोनतीनच रोपें घ्यावीं, तीं दोनतीन सेंटिमीटरांहून खोल जाऊं नयेत, कारण खोल गेलेलें रोप फुटवे कमी देतें. हें 'असें करा' म्हणून बांधावरून ओरडून सांगण्यापेक्षां 'असें कां' हें तिला समजावून सांगितलें, आणि ठरलेल्या मजुरींत नुसती घाई न विकत घेतां नीटनेटकें काम विकत घेतलें, तर फरक पडतो. दुसऱ्याच्या कामांत बारकावा हवा असेल तर त्याला वेळ आणि मोल द्यावें लागतें. फुकटचा बारकावा मागण्याचा अधिकार कोणास नाहीं.

कोणता बारकावा, आणि कोणती किरकीर

यावर कोणी म्हणेल, कीं शेतकऱ्यानें प्रत्येक लहानसहान गोष्टींत असा जीव गुंतविला तर त्याचें वर्ष बांधावरच संपेल. हा आक्षेप खोटा नाहीं. बारकावा आणि किरकीर यांत भेद केला पाहिजे. मला जो भेद अनुभवानें दिसला तो असा. ज्या ठिकाणीं झालेली चूक तेथल्या तेथें राहते, तेथें थोडें इकडेतिकडे चालतें. जेथें ती वाढत जाते, किंवा मागाहून दुरुस्त करतां येत नाहीं, तेथें मुळींच चालत नाहीं. बांधाचा कोपरा थोडा वांकडा राहिला तर तो वांकडाच राहतो, शंभरपट वांकडा होत नाहीं. बियाण्यांतील परका दाणा मात्र शंभरपट होतो. खोल गेलेलें रोप पुन्हां उपटून लावतां येत नाहीं. म्हणून बियाणें, पेरणी व लावणी, खळें आणि सांठवण या ठिकाणीं हात राखूं नये. इतरत्र वेळ वांचवावा आणि तो येथें खर्चावा. 'लहान' हा शब्द वस्तूच्या आकारावरून न लावतां तिच्या परिणामावरून लावण्यास शिकणें, हेंच अर्धें कसब आहे.

वहींतील एक ओळ

शेवटीं खोब्रागडे यांच्या हकीकतीकडे पुन्हां वळलें पाहिजे, कारण तिची एक बाजू सुखाची नाहीं. ज्यांच्या धानानें पुष्कळांस चार पैसे मिळाले, त्यांचीं स्वतःचीं शेवटचीं वर्षें आजारपणांत व आर्थिक ओढगस्तींत गेलीं. त्या वाणाच्या श्रेयाविषयीं व मोबदल्याविषयीं पुष्कळ चर्चा झाली. तींतून त्यांच्या घरांत काय आलें, हा प्रश्न निराळा. तेव्हां 'बारकाव्यानें काम करा म्हणजे भरभराट होईल' असें भोळें आश्वासन हा लेख देऊं इच्छीत नाहीं. चांगलें काम करणें शेतकऱ्याच्या हातीं आहे; त्याचें चीज करणें समाजाच्या हातीं आहे, आणि तेथें आपला समाज बेफिकीर आहे.

तथापि आज एक साधन उपलब्ध आहे, जें १९८३ सालीं नव्हतें. २००१ सालीं झालेल्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वयें शेतकऱ्यास स्वतः जपलेल्या अथवा निवडलेल्या वाणाची नोंदणी आपल्या नांवावर करतां येते. आपल्या शेतांतलें बियाणें राखणें, पेरणें, बदलून घेणें व विकणें हा हक्कही त्याच कायद्यानें मान्य केला आहे; मात्र छापील नांवाच्या पिशवींत भरून, म्हणजे ब्रँड लावून, तें विकतां येत नाहीं. नोंदणीसाठीं वाण इतरांहून निराळा आहे, त्यांतलीं रोपें एकसारखीं आहेत आणि पिढ्यान्पिढ्या तो तसाच राहतो, हें दाखवावें लागतें. तें दाखविण्यास लागतो तो कागद. कोणत्या वर्षीं, कोणत्या बांधींत, कोणत्या जातींत ती लोंबी दिसली. पेरणीपासून किती दिवसांनीं निसवली. उंची किती, लोंबीची लांबी किती, दाण्यास कूस आहे कीं नाहीं, टोंकाचा रंग कोणता. बियाणें कोणास व किती दिलें. एवढ्या चार ओळी दर हंगामीं वहींत लिहिल्या, तर त्या उद्यां साक्ष देतात. आपला शेतकरी डोळ्यानें बारीक आहे, हातानें बारीक आहे; परंतु लेखणीच्या बाबतींत तो उदार आहे, आणि हें औदार्य त्याला महाग पडतें. ज्यांना स्वतः लिहितां येत नाहीं त्यांच्या घरांत आज शाळेंत जाणारें मूल असतेंच. तें काम त्याजकडे द्यावें. मुलासही शेत पाहण्याची संवय लागेल.

तेव्हां वाचक शेतकरीबंधूंस व भगिनींस एवढीच विनंति आहे. यंदा धान निसवूं लागलें म्हणजे सकाळीं बांधींत जातांना खिशांत किंवा पदराच्या गांठीला रंगीत सुताचे दोनचार तुकडे असूं द्यावेत. इतरांहून वेगळी, भरदार, निरोगी अशी लोंबी दिसली तर तिला एक तुकडा बांधून ठेवावा आणि घरीं येऊन वहींत तारीख लिहावी. कापणीच्या आदल्या दिवशीं त्या लोंब्या हातानें खुडून आणाव्या. बहुतेकींतून कांहीं निघणार नाहीं. हें आधींच समजून असावें. परंतु जो हा तुकडा बरोबर घेऊन जाईल तो आपलें शेत नुसतें ओलांडणार नाहीं; तो तें पाहील. आणि पोतें भरावयास बसण्यापूर्वीं, तें रिकामें आहे अशी कितीही खात्री असली तरी, उलटें करून शिवण तेवढी चाचपावी.